वईवरची जास्वंद हेही पीकच होय

पेण शहरात आणि त्याच्या आसपासच्या हमरापूर, जोहे यांसारख्या गावांत गणेशमूर्ती घडविण्याचे काम वर्षातील बहुतेक महिने चालू असते. येथील मूर्ती मुंबई-पुण्यासच नव्हे, तर देशाबाहेरही जातात, ही गोष्ट आता कोणास नवी राहिलेली नाही. तथापि भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या आदल्या दिवशी याच तालुक्याच्या बाजारपेठेतून जो फेरफटका मारील, त्याच्या नजरेस एक विसंगती आल्यावाचून राहणार नाही. झेंडू घाटावरून आलेला असतो, शेवंतीही घाटावरचीच असते. आणि गणपतीस जे विशेष प्रिय मानले जाते ते तांबड्या जास्वंदीचे फूल विकावयास मोजकेच असते. ते मिळविण्याकरिता भला गृहस्थ पहाटेच्या अंधारात शेजाऱ्याच्या कुंपणापाशी उभा राहतो. देवासाठी दुसऱ्याच्या दारची फुले न विचारता तोडणे हा आपल्याकडे अपराध समजला जात नाही, हे खरे. परंतु त्यामुळेच या फुलाला काही मोल आहे, हे ना तोडणाऱ्याच्या ध्यानात येते, ना ज्याच्या दारची फुले गेली त्याच्या.

मूर्ती ज्या मातीत घडते त्याच मातीत तिचे फूल उत्तम येते, आणि तेही ऐन पावसाळ्यात, पाण्याची मोट वा पंप न लावता येते. असे असता या फुलाची गणना पिकात होऊ नये, याचे कारण जमिनीत नाही, हवामानात नाही. ते शेतकऱ्याच्या व शेतीखात्याच्या माणसांच्या सवयीत आहे. भात हे पीक, वाल हे पीक, आंबा-काजू ही बाग. आणि जास्वंद, तगर, अनंत ही बायकांची परसातील हौस, अशी वाटणी सर्वांनी मनाशी करून ठेवलेली आहे. ही वाटणी मोडण्याची वेळ आली आहे.

ज्या झुडपांची पाने एकदम गळत नाहीत आणि जी वर्षातील बराच काळ अथवा ठराविक ऋतूत भरघोस फुलतात, त्यांस सदाहरित फुलझुडपे म्हणावे. अशा झुडपांचा थाट कोठे कोठे केवढा असतो, याचे उदाहरण म्हणून कॅमेलियाकडे पाहता येईल. चीन, जपान व कोरिया या देशांतील हे झुडूप. पाने गर्द हिरवी व तेल लावल्यासारखी तुकतुकीत, फूल गुलाबाच्या तोडीचे, आणि येते ते थंडीच्या दिवसांत, इतर झाडे निजली असताना. फिलिपाईन्स बेटांत वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या गेऑर्ग योसेफ कामेल या धर्मोपदेशकाच्या स्मरणार्थ लिनियसने या कुळास हे नाव दिले. आपल्या शेतकऱ्यास हे नाव परके वाटेल. पण तो रोज सकाळी उठल्याबरोबर ज्याचा पेला हाती घेतो तो चहा याच कुळातील होय. कॅमेलिया सायनेन्सिस म्हणजे चहाचे झाड, आणि शोभेच्या फुलांचे कॅमेलिया जपोनिका हे त्याचे भावंड. म्हणूनच आपल्या देशात हे फूल जेथे दिसते, तो मुलुख बहुधा चहाचाच असतो: दार्जिलिंग, कालिंपाँग, शिलाँग, निलगिरी.

मुंबई-गोवा महामार्ग पेण, नागोठणे व कोलाड यांवरून जातो. अशा रस्त्यांवर रोपवाटिका वाढत आहेत, आणि चित्रात पाहिलेले परदेशी झाड आपल्या दारी असावे, ही इच्छाही वाढते आहे. शहरातून येऊन येथे जमीन घेणारे लोक अशा झाडांची मागणी करतात व त्यांचे पाहून गावातील तरुणही करतात. कॅमेलियाच्या बाबतीत हा मोह फुकट जाणारा आहे. या झुडपास आम्लधर्मी, भुसभुशीत आणि पाणी निचरणारी जमीन लागते. ती आपल्या डोंगरउताराला एखाद्या वेळी मिळेलही. परंतु त्याची कळी उन्हाळ्यात धरते आणि पुढे थंडीचे काही महिने लाभल्यावर उमलते. तो गारवा कोकणपट्टीत कोठून आणावयाचा? येथे मार्गशीर्ष-पौषातही दुपार तापते. कळी धरली तरी ती तपकिरी होऊन गळते, आणि झाड जगले तरी हिरव्या पानांपलीकडे हाती काही लागत नाही. कुंडीत फुललेले झाड विकत घेणाऱ्याने ते फूल थंड मुलुखात धरलेल्या कळीचे आहे, हे ओळखावे.

येथे स्वदेशी-परदेशीचा वाद उभा करण्याचे कारण नाही. जास्वंदीच्या शास्त्रीय नावाचाच अर्थ ‘चीनचा गुलाब’ असा आहे, अनंतही चीन-जपानकडचाच. पण ही झाडे आपल्या हवेत इतकी रुळली आहेत की त्यांस पाहुणे म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. झाड कोठून आले यापेक्षा ते येथे फुलते की नाही, हाच प्रश्न शेतकऱ्यापुढे असावयास हवा. कॅमेलियाचे जे गुण थंड देशांत वाखाणले जातात ते बारमाही हिरवेपण, छाटणी सोसणे, आम्ल जमीन मानवणे आणि इतर फुलांची वाण असताना फुलणे, हे सर्व गुण आपल्याकडे जास्वंद, तगर, अनंत आणि एक्झोरा या चार झुडपांत वाटलेले आहेत. फक्त ती चित्रात नसून दारात आहेत, म्हणून त्यांकडे कोणी पाहत नाही.

यांपैकी जास्वंदीचा विचार प्रथम व सविस्तर केला पाहिजे. पूजेसाठी मागणी आहे ती एकेरी, पाच पाकळ्यांच्या, तांबड्या फुलाची. दुहेरी, नारिंगी, पिवळी अशी रोपवाटिकेतील संकरित फुले दिसावयास मोठी असतात. पण त्यांतील पुष्कळशी झाडे आपल्या मुसळधार पावसात दम धरीत नाहीत आणि गिऱ्हाईकही देवासाठी ती क्वचितच मागते. गावात एखाद्या जुन्या घरामागे वीस-पंचवीस वर्षांची तांबडी जास्वंद असते, जी श्रावण-भाद्रपदात रोज मोजता येणार नाहीत इतकी फुले देते. ते झाड हेच खरे मातृवृक्ष. त्याच्या मालकास विनंती करून त्याच्या काड्या घ्याव्यात.

काडी पेन्सिलीएवढ्या जाडीची, फार कोवळी नाही व फार जून नाही, वीतभर लांबीची व तीन-चार डोळ्यांची असावी. खालची पाने काढून, वरची एक-दोन अर्धी कापून ठेवावीत. तांबडी माती, रेती व चांगले कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाने भरलेल्या पिशवीत ती आषाढात सावलीखाली लावल्यास महिना-दीड महिन्यात मुळे धरते. मुळे फुटण्याचे संजीवक मिळाल्यास वापरावे. न मिळाल्यास अडून बसू नये. लावणीसाठी हात-दीड हात लांब, रुंद व खोल खड्डा पुरे. मात्र तो पाणी साठणाऱ्या ठिकाणी नसावा. पेण तालुक्यातील खाडीकाठच्या खारबंदिस्तीच्या जमिनीत हा प्रयोग मुळीच करू नये. क्षार व साचलेले पाणी दोन्ही या झाडास वर्ज्य आहेत. त्याची जागा म्हणजे घराभोवतीचे परडे, विहिरीकडे जाणारी वाट, आणि वरकस जमिनीचा उतार. अतिवृष्टीने धुपलेली ही उतारावरील तांबूस माती बहुधा किंचित आम्ल असते आणि तेच या सर्व झुडपांच्या पथ्यावर पडते. तरी मातीचा नमुना तपासून घेणे केव्हाही इष्ट.

झाडे दोन-दोन मीटर अंतराने लावल्यास एका गुंठ्यात साधारण पंचवीस झाडे बसतात. परंतु गुंठाभर जमीन वेगळी काढावयास सांगण्याची गरजच नाही. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा परड्याची कडाच चाळीस मीटर भरते. त्या कडेवर दीड मीटरवर एक याप्रमाणे पंचवीसच्या वर झाडे सहज बसतात, आणि आतील जागा भाजीस मोकळी राहते. म्हणजे जमीन नसलेल्या, केवळ घर व अंगण असलेल्या कुटुंबासही हे पीक घेता येते. कोकणातील लहान लहान खातेदारीचा विचार करता ही गोष्ट सामान्य नव्हे.

यासच जोडून वईचा विचार करावा लागतो. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शेतकरी डोंगरातील झाडांच्या फांद्या व काटेरी झुडपे तोडून आणून परड्याभोवती वई घालतो. ती वर्षभरात कुजते वा चुलीत जाते आणि पुढील वर्षी पुन्हा तोड होते. मजुरीचे दिवस जातात आणि डोंगरही उघडे पडतात. जिवंत झुडपांची वई एकदाच घालावी लागते. मात्र येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: जास्वंदीचा पाला शेळ्या व गुरे आवडीने खातात. एकट्या जास्वंदीची वई उन्हाळ्यात मोकाट गुरांपुढे टिकणार नाही. यावर कण्हेर लावा असा सल्ला सर्रास दिला जातो, कारण कण्हेरीस जनावर तोंड लावीत नाही. तो सल्ला विचारपूर्वक घ्यावा. तांबडी-पांढरी कण्हेर काय किंवा पिवळी कण्हेर काय, दोन्ही झाडांचे सर्व भाग विषारी आहेत. छाटलेला पाला वाळून वैरणीत मिसळला तर गुरे दगावतात, आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिया मुलांच्या पोटात गेल्यास जिवावर बेततात. ज्या घरी लहान मुले व गुरे दोन्ही आहेत, त्या घराच्या वईस कण्हेर नको, असेच मत द्यावे लागते.

त्याऐवजी बाहेरची ओळ करवंदीची धरावी. करवंद हे तर आपल्या डोंगरातीलच सदाहरित, काटेरी व सुवासिक पांढऱ्या फुलांचे झुडूप; वैशाखात त्याची फळे टोपल्यांतून विकून कातकरी व ठाकूर स्त्रिया चार पैसे मिळवितात. पिकलेल्या फळांतील बी ताजे असतानाच, ज्येष्ठाच्या आरंभी पेरावे; ते फार दिवस ठेवल्यास उगवत नाही. वाढ प्रथम मंद असते, दोन-तीन पावसाळे धीर धरावा लागतो, आणि तोवर जुनी वई ठेवावीच लागते. पण एकदा ओळ दाटली की शेळीही आत शिरत नाही. तिच्या आतील बाजूस जास्वंद व तगर सुखाने वाढतात.

तगर ही जास्वंदीहूनही सोशिक. काडीपासून होते, सावली थोडी चालते, पांढरी फुले जवळजवळ बारमाही येतात, आणि हारांत तिच्या कळ्यांस मागणी असते. अनंतास तांबडी आम्ल जमीन मानवते. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात, ती तक्रार आपल्याकडे फारशी उद्भवत नाही. एक्झोरा, ज्यास अनेक ठिकाणी रुक्मिणी म्हणतात, कुंपणास शोभिवंत, पण काडी धरण्यास उशीर लावते. अबोली हे लहान झुडूप. अर्ध्या सावलीत, नारळ-सुपारीच्या वाडीत येते आणि गजऱ्यासाठी खपते. सोनचाफा फायद्याचा असला तरी तो वृक्ष आहे, झुडूप नव्हे. त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

आता विक्रीचा प्रश्न. फूल नाशवंत आहे, ते विकावयाचे कोठे, असा आक्षेप प्रत्येक बैठकीत निघतो, आणि तो निघाला की विषय तेथेच संपतो. हा आक्षेप जास्वंदीच्या बाबतीत अर्धाच खरा आहे. उमललेले फूल दिवसभरात कोमेजते, हे खरे. परंतु दुसऱ्या दिवशी उमलणारी पक्व कळी आदल्या संध्याकाळी अथवा पहाटेपूर्वी तोडून, केळीच्या पानात वा ओलसर फडक्यात गुंडाळून गार जागी ठेवल्यास ती वेळेवर उमलते, आणि उमललेले फूल पाण्यात न ठेवताही दिवसभर टवटवीत राहते. वसई-पालघरकडील शेतकरी अशाच कळ्या मोजून मुंबईस दादरच्या फूलबाजारात पाठवितात. तिकडे जे चालते ते इकडे का चालू नये? कोकण रेल्वेचा आरंभच रोह्यास होतो, आणि रोह्याहून नागोठणे, पेण करीत दिव्याकडे प्रवासी गाडी जाते. कळ्यांची करंडी जड नसते.

शिवाय दादरपर्यंत जावयाचे कारणही प्रत्येकास पडणार नाही. अष्टविनायकांपैकी दोन स्थाने रायगड जिल्ह्यातच आहेत: सुधागड तालुक्यात पालीचा बल्लाळेश्वर आणि खालापूर तालुक्यात महडचा वरदविनायक. नागोठण्याहून पाली जवळ, आणि पेणहून खोपोलीच्या रस्त्याने महडही दूर नाही. या दोन्ही देवळांपुढे दूर्वा व तांबड्या फुलांची विक्री बारमाही चालते. वर्षात बारा संकष्ट्या व तितक्याच विनायकी; चतुर्थी मंगळवारी आली की गर्दी कैक पटींनी वाढते, आणि त्यात माघी गणेशजयंतीची भर. रोह्यात दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांच्या पालखीचा उत्सव असतो, तो वेगळाच. पंचांग हाती घेऊन बसले तर शेतकऱ्यास पुढील वर्षाचे मागणीचे दिवस आजच लिहून ठेवता येतात. असे किती पिकांच्या बाबतीत म्हणता येईल?

भाव किती मिळेल, हे येथे लिहिण्यात अर्थ नाही. तो दिवसागणिक बदलतो. एवढे मात्र सांगावे लागते की, केवळ गणेशचतुर्थीच्या एका दिवसाच्या भावावर भरवसा ठेवून कोणी लागवड करू नये. त्या दिवशी फूल सोन्याच्या मोलाने जाते आणि तिसऱ्या दिवशी त्यास कोणी विचारीत नाही. देवळापुढील चार-पाच दुकानदारांशी बारा महिन्यांचा थोडा थोडा पुरवठा ठरविणे, हा कमी झळाळीचा पण खात्रीचा मार्ग होय. एका घराच्या पंचवीस झाडांवर हा पुरवठा भागणार नाही. गावातील आठ-दहा घरांनी मिळून तो अंगावर घ्यावा लागेल.

फुलशेती म्हटले की हल्ली पॉलिहाऊस व जरबेरा यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे केले जाते. ज्यास भांडवल आहे, पाणी आहे व बाजाराची ओळख आहे, त्याने ते जरूर करावे. परंतु पाच-दहा गुंठ्यांच्या धन्यास ते सांगणे म्हणजे अनवाणी माणसास घोड्याचा भाव सांगण्यासारखे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. छपरे उडाली, श्रीवर्धनच्या बाजूस नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीची पुन्हा लावलेली बाग हाती येण्यास कित्येक वर्षे जातात. झुडूप मोडले तर ते छाटावे लागते, आणि बुंधा शाबूत असल्यास ते त्याच पावसाळ्यात फुटते. किनाऱ्यावर वादळे पुन्हा येणार आहेत, हे धरूनच येथे पिकांची निवड झाली पाहिजे.

हे काम पहाटेचे आहे आणि ते स्त्रियाच करणार, हे उघड आहे. कळी ओळखणे, हलक्या हाताने खुडणे, मोजून पानात बांधणे, यांत त्यांचा हात पुरुषांपेक्षा सराईत असतो. मग त्याचा पैसाही त्यांच्याच हाती गेला पाहिजे. अनेक घरी असे होते की, परसातील वस्तू जोवर फुकट जाते तोवर ती बाईची असते, आणि तिचे पैसे येऊ लागले की ती घरधन्याची होते. विक्रीचा व्यवहार महिला बचत गटाच्या नावे ठेवल्यास आणि पैसे गटाच्या खात्यात जमा झाल्यास हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. नागोठणे, धाटाव, डोलवी या भागांत कारखाने आल्यापासून घरातील पुरुष पाळीवर जातो आणि शेत व परसू दोन्ही स्त्रीच सांभाळते. तेव्हा शेतीचा सल्ला द्यावयाचा तो तिलाच द्यावा, हे ओघानेच येते. बैठक मात्र अजूनही चावडीवर, सकाळी दहा वाजता बोलाविली जाते, ज्या वेळी तिला चूल व पाणी यांतून उसंत नसते.

निगराणीत दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली छाटणीची. जास्वंद नव्या फुटीवर फुलते. वैशाखाच्या अखेरीस शेंडे हलके छाटून, बुंध्याशी शेणखत देऊन ठेवले की पहिल्या पावसाबरोबर फूट निघते आणि भाद्रपदापर्यंत ती कळ्यांनी भरते. नुसते युरियाचे खत देत गेल्यास पाला माजतो व फुले घटतात. उन्हाळ्यात मुळांशी पालापाचोळ्याचे आच्छादन करून आठवड्यातून एक-दोनदा पाणी द्यावे. अन्यथा कळ्या गळतात. स्वयंपाकघराचे सांडपाणी परड्यात वळविल्यास पंचवीस झाडांचे बरेचसे भागते.

दुसरी गोष्ट पिठ्या ढेकणाची. पाऊस उघडल्यावर, कार्तिकापासून पुढे, शेंड्यांवर पांढरा कापसासारखा थर दिसू लागतो, पाने वळतात व कळ्या खुजट होतात. त्याआधी बहुधा झाडावर मुंग्यांची रांग दिसते. मुंग्या त्या किडीचा गोड स्राव खातात आणि तिचे रक्षण करतात. ती रांग दिसताच सावध व्हावे. लागलेले शेंडे कापून जाळावेत, पाण्याचा जोरदार फवारा मारावा, आणि पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. ही कीड खाणारे क्रिप्टोलीमस नावाचे ढालकिडे निसर्गात असतात. त्यांच्या अळ्या पांढऱ्या, पिंजलेल्या, अगदी त्या किडीसारख्याच दिसतात, म्हणून अजाणतेपणी त्यांनाच मारले जाते. जहाल औषधे या फुलांवर मारू नयेत. हे फूल देवास वाहिल्यावर घरातील मुलांच्या हाती जाते, आणि पुष्कळ घरी जास्वंदीचे तेलही काढतात.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी या विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलावी, असे म्हणण्यास आणखी एक कारण आहे. रोहा ही चिंतामणराव देशमुखांच्या बालपणाची भूमी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढे देशाचे अर्थमंत्री म्हणून त्यांस सर्व ओळखतात. परंतु केंब्रिजला १९१७ साली त्यांनी पारितोषिक मिळविले ते वनस्पतिशास्त्रातील होते, याचे स्मरण थोड्यांस असते. झाडाचा अभ्यास व पैशाचा हिशोब एका डोक्यात सुखाने नांदू शकतात. आपल्याकडे मात्र ज्यास झाड कळते तो हिशोब ठेवीत नाही, आणि हिशोब ठेवणारा कुंपणाकडे पाहत नाही. पीक-पाहणीत भात नोंदले जाते, वाल नोंदला जातो. वईवरील चाळीस जास्वंदी कोठेच नोंदल्या जात नाहीत. ज्याची नोंद नाही त्यासाठी मागणी करता येत नाही, आणि वादळात ते गेले तर नुकसान झाले असे म्हणावयासही आधार राहत नाही.

तेव्हा कार्यकर्त्याने आरंभ करावा तो अगदी लहान कामाने. येत्या श्रावणात गावातून एक फेरी मारून, भर पावसात फुललेल्या तांबड्या जास्वंदीची झाडे कोणाच्या दारी आहेत, हे वहीत टिपून घ्यावे. त्यांतील प्रत्येक झाडाची फुले लागोपाठ आठ दिवस सकाळी मोजावयास घरच्या मुलांस सांगावे. मुले हे काम आनंदाने करतात. ज्या दोन-तीन झाडांची संख्या सर्वांत भरेल त्यांस खूण बांधून ठेवावी आणि पुढील आषाढात काड्या त्यांच्याच घ्याव्यात. रोहा तालुक्यात किल्ला येथे कोकण कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. काड्या धरण्याची, मातीपरीक्षणाची व किडीची शंका तेथे जाऊन विचारता येते. पेणच्या कार्यकर्त्यांनाही ते ठिकाण लांब नाही. काड्या कापण्यास सकाळची वेळ, आभाळ भरलेले असताना, चांगली; आणि कापलेली काडी त्याच दिवशी पिशवीत गेली पाहिजे.